एका दमाची ओळ

मी लहान होते तेव्हा आमच्या घराला गाणं परवडत नव्हतं. नांदुऱ्यात रेल्वे रुळांच्या पलीकडे आमची वस्ती. बाप धान्याच्या बाजारात पोती वाहायचा आणि माय कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा तिच्या केसांत, भुवयांत, पापण्यांतसुद्धा रुई बसलेली असायची. हातपाय धुण्याआधी ती दाराशी बसून नुसती खोकायची. टिनाच्या दोन खोल्या, एक बल्ब आणि तो खोकला. मी पाढे पाठ केले ते त्या खोकल्याच्या सोबतीने. आणि नेमकं त्याच वेळी नालीपलीकडच्या घरातून एक परका माणूस गायला लागायचा. आवाज खोल, संथ, विहिरीच्या तळातून वर यावा तसा. एकदा ओळ सुरू झाली की संपायचंच नाव घेत नसे. मग कधीतरी दुसरं गाणं लागायचं, ते मधेच खाडकन तुटायचं आणि ऐकू यायचं, "थुत्! पळपुटा साला!"

हे आमचे कप्तान. तबकडीवरची सुई उचलून एखाद्या गायकाला घराबाहेर काढणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

कप्तान हे नाव वस्तीने ठेवलेलं. मी आणि माझ्या वयाची पोरं त्यांना आबा म्हणायचो. ते स्वतः मात्र कुणी कप्तान म्हटलं की लगेच दुरुस्त करायचे. "कप्तान कायचा बे? भंडारी होतो मी. जहाजावर भंडारी म्हंजे सैपाकी. अर्ध्या दुनियेचे बटाटे सोलले म्या." तरुणपणी नांदुऱ्याच्या फलाटावर पोती उतरवता उतरवता ते एक दिवस मुंबईच्या गाडीत चढले आणि मालवाहू जहाजावर लागले. कित्येक वर्षांनी परत आले ते एक लोखंडी पेटी, अमेरिकेत घेतलेला तबकड्यांचा प्लेअर आणि एक जडशीळ काळा डबा घेऊन. तिकडची वीज कमी दाबाची, म्हणून प्लेअर आणि भिंतीतल्या बोर्डाच्या मधे तो डबा लावावा लागे. पेटीत सगळ्या तबकड्या एकाच बिरादरीच्या होत्या. इटलीतून अमेरिकेत पोट भरायला गेलेल्या मजुरांच्या पोरांनी गायलेली गाणी.

ही आवड त्यांना लावली जहाजावरच्याच एका सैपाक्याने. त्याचं नाव व्हिटो. त्याचे मायबाप इटलीतून अमेरिकेत गेलेले. दोघं शेजारी बसून कांदे चिरायचे आणि व्हिटोच्या तबकड्या ऐकायचे. कप्तान सांगायचे, "याईचे बाप कोन? गवंडी, न्हावी, मासे इकनारे. शहरात याईले घर भाड्यानं भेटे नाई. आडनाव ऐकलं का दार बंद. मंग पोराईनं काय केलं? सूट घातला, माइकापुढं उभे राह्यले, आन असं गायले का ज्याईनं दार लावलं त्याईच्याच घरात यांचा आवाज पोचला." हे ऐकताना वस्तीतल्या कुणालाही इटली कुठे आहे, हे विचारावं लागलं नाही.

गाणं ऐकण्याची त्यांची पद्धत ठरलेली होती. पांढरा, इस्त्रीचा शर्ट, गळ्याचं बटण लावलेलं. मगच तबकडीला हात. ऐकायला येणाऱ्यालाही शिस्त होती. "खर्रा थुकून या, मंग बसा." कुणी मांडी हलवली तरी त्यांची भुवई वर जायची. आम्हाला एक शब्द कळत नव्हता, पण हा कुणीतरी मोठा माणूस आपल्याशी हळू आवाजात, घाई न करता बोलतो आहे, एवढं कळायचं. आमच्याशी तेव्हा कुणी घाई न करता बोलत नसे. रेशन दुकानात नाही, दवाखान्यात नाही, शाळेतही नाही.

गायकांची त्यांनी तीन गटांत विभागणी केली होती. पहिले उभे. माइकापुढे ताठ उभं राहून, शब्द स्वच्छ धरून, ओळ एका दमात शेवटपर्यंत नेणारे. या लोकांनाच त्यांच्या घरात मान होता. त्यांच्यातही एक होता, त्याला वस्तीत सगळे 'मोठा उभा' म्हणायचे. दुसरे टेकलेले. एका हातात सिगारेट, दुसऱ्यात ग्लास, ओळ अर्धी गायची आणि उरलेली लोकांच्या हसण्यावर सोडून द्यायची. "याले गानं म्हनत नाईत, याले गप्पा म्हंतेत. आन गप्पाच मारायच्या तं माह्या ओट्यावर ये ना बे, पैसे कायले घेतं?" आणि तिसरे लोळलेले, पैशासाठी गाण्याची आणि स्वतःचीही लाज सोडणारे. या तिसऱ्यांची त्यांना खरीखुरी किळस होती.

कप्तान परतल्यावरही व्हिटो वर्षा-दोन वर्षांनी तबकड्यांचं पार्सल पाठवायचा. प्रत्येक पार्सलात गळे घसरत गेलेले असायचे. कुणी रस्त्याच्या कोपऱ्यावर टोळकं करून नुसते 'डू डू' करत असायचे. कुणी आपल्याच मायच्या तोंडची मोडकी इंग्रजी मुद्दाम वेडीवाकडी करून गायचे, म्हणजे ऐकणारे खिदळतील. आमच्या प्लेअरवर ती गाणी गुत्त्यावरून झुलत आलेल्या माणसासारखी वाजायची. शेवटच्या पार्सलातल्या कव्हरावर एक जण चमकत्या शर्टाची बटणं बेंबीपर्यंत उघडी टाकून उभा होता. कप्तानांनी ते कव्हर भिंतीकडे तोंड करून ठेवलं. "याले कोनी बनेन द्या रे," म्हणाले. "याच्या बापानं विटा वाह्यल्या. काऊन वाह्यल्या? हा असा नागवा उभा राहावा म्हून?"

पण उभ्यांनाही त्यांनी एक गोष्ट कधी माफ केली नाही. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी गोऱ्या लोकांना उच्चारता यावं म्हणून नावं बदलली होती. हे सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा. "गायला चांगला. पन नाव बदललं तिथं अर्धा गळा गेला." मी पुढे खामगावला कॉलेजात गेले तेव्हा खोलीतल्या मुलींनी मला शहाणपण शिकवलं, की आडनाव सांगूच नको, नुसतं प्रज्ञा म्हण, वडिलांचं नाव लाव, पुरे. मी पहिल्याच दिवशी वर्गात उभी राहून पूर्ण नाव सांगितलं, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं. अजूनही तसंच सांगते. कुणाची भुवई वर गेली तर जाऊ दे.

कप्तान नुसते ऐकून थांबले नाहीत. त्यांनी वस्तीत गायनपार्टी उभी केली. गाणी आमचीच, विहारात म्हणायची, जयंतीला म्हणायची. माप मात्र मोठ्या उभ्याचं. तो ओळ जेवढी लांब नेतो तेवढी न्यायची. एक दिवस त्यांनी मायला नालीपलीकडून माझ्या बापाला जेवायला हाका मारताना ऐकलं आणि ते थेट आमच्या दाराशी आले. "सुमनबाई, एवढा आवाज हाका मारन्यात घालवून राह्यली काय? उद्यापासून ये."

माय म्हणाली, "मले खोकल्यातून गायला सवड कुठी हाय, दादा?"

"खोकला मले दे. गानं तू ठेव."

त्यांची शिकवण्याची तऱ्हा जगावेगळी होती. मायनेच जिनिंगमधून आणलेल्या रुईचा एक पुंजका ते दोऱ्याने छताच्या वाशाला टांगायचे, गाणाऱ्याच्या ओठांसमोर. गाताना रुई हलली की श्वास वाया गेला, ओळ पहिल्यापासून. मायने पहिल्या दिवशी हात जोडले. "दिवसभर हेच नाकात जाते. आता संध्याकाळी बी हेच तोंडापुढं? मालकानं पाठवलं का तुमाले?" सगळे हसले, कप्तानही हसले, पण रुई काढली नाही. किती महिने गेले सांगता येत नाही. एवढं आठवतं की एका पावसाळ्यात माय दारात बसून खोकायची थांबली होती, आणि रुई न हलवता ती कप्तानांनी स्वतः रचलेली ओळ म्हणत होती: 'विहीर तीच, पाणी तेच, दोर आता माह्या हाती.' ओळ लहान दिसते. कप्तानांच्या मापाने म्हणून बघा, निम्म्यावरच दम संपतो.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना माझंही तोंड कडू होतं.

मी बी.एस्सी. झाले. आमच्या घरातली पहिली पदवी. परीक्षा देऊन वीज उपकेंद्रात ऑपरेटर लागले. आणि त्याच काळात आमच्या वस्तीत डीजे आला. लग्न असो, वाढदिवस असो, जयंती असो, टेम्पोवर भिंतीएवढे स्पीकर. छातीत धडधड होते, घरातली भांडी मांडणीवरून खाली पडतात, म्हातारी माणसं कानात बोळे घालून आतल्या खोलीत बसतात आणि याला म्हणायचं आनंद. गाणाऱ्याचा गळा बेसूर असला तरी कॉम्प्युटर तो सरळ करतो. म्हणजे गळा नसला तरी चालतो. कार्यक्रमात पोरं नुसते ओठ हलवतात आणि मागे रेकॉर्ड वाजते. मी हे पाहिलं आहे. आपला मुका माणूस बोलायला शिकला म्हणून ज्या जयंतीला आपण जमतो, त्या दिवशी एकही माणूस तोंडाने गात नाही.

या डीजेचा मालक विकी. वस्तीतलाच. रुईसमोर उभा राहून कप्तानांकडे शिकलेला, गळा खरोखर गोड. त्याने एक गाणं काढलं. वऱ्हाडातल्या म्हातारीचा आवाज काढायचा, तिचं 'मले-तुले' चिरकून म्हणायचं, मधे एखादा घाणेरडा इशारा. ते लाखो मोबाइलवर फिरलं. कप्तानांनी ते पूर्ण ऐकलं. पांढरा शर्ट घालून ऐकलं, हे विशेष.

"लोळला," म्हणाले. मग विकीला बोलावलं. "ते कोन्या म्हातारीचा आवाज हाय बे?"

"कोनाचाच नाई आबा. कामेडी हाय."

"तुह्या आजीचा हाय. मी वळखला. तिले मांडवात उभी करून लोकाईले हसवून राह्यला तू."

"आबा, लोकाईले हेच पाह्यजे. पुन्याचे लोक बी ऐकतेत."

"पुन्याचे ऐकत नाईत. हसतेत. अन् तुले दोन्हीतला फरक कळत नाई, म्हून तू लोळला."

विकीला ते लागलं. पुढच्या जयंतीच्या आधी विहारात समितीची बैठक होती. ठरवायचं एकच होतं. संध्याकाळचा तास गायनपार्टीचा असायचा, तो यंदापासून डीजेला द्यायचा का. कप्तान ऐंशीच्या पुढे गेलेले, पार्टीत उरलेल्या बायका साठीच्या आसपास. तो तास गेला असता तर पार्टी संपली असती, आणि कप्तानांकडे तिच्याशिवाय दुसरं काही नव्हतं. मला हे माहीत होतं, म्हणून मी ड्युटी बदलून बैठकीला गेले.

विकी उठला. आवाजात राग होता, पण म्हाताऱ्याशी बोलताना राखतात तेवढी अदबही होती. "आबा, तुम्ही ज्याच्या नावानं आमाले लहानपनापासून शिव्या घातल्या ना, त्या मोठ्या उभ्याचं असली गानं आज सापडलं. ऐका." आणि त्याने मोबाइल स्पीकरला जोडला.

गाणं तेच होतं. पण गाणारा कुणी दुसराच. आवाज बारीक, चपळ, जवान. जी ओळ आमच्या लेखी संपायचंच नाव घेत नव्हती, ती सुरू होऊन संपलीसुद्धा. मधे त्याने आरामात श्वास घेतला. विहारात मागून कुणीतरी हसलं, मग बरेच जण.

"मशीनच खोटी हाय आबाची," विकी म्हणाला. "हळू फिरते. अन् त्या मापानं आमाले पळपुटे म्हनत आले."

कप्तानांनी माझ्याकडे पाहिलं. "पोरी, तू शिकेल हायस. खरं हाय का?"

मला त्याच क्षणी कळलं होतं. उपकेंद्रात रोज माझ्या डोळ्यांसमोर मीटरचा काटा पन्नासच्या आसपास असतो. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते, अमेरिकेतली साठ. तो काळा डबा विजेचा दाब उतरवत होता, हेलकावे बदलणं त्याच्या हातात नव्हतं. मोटार त्या हेलकाव्यांवर फिरते. म्हणजे साठावर फिरायला बनवलेली मोटार आमच्या वस्तीत इतकी वर्षं पन्नासावर फिरत होती. गाणं हळू झालं, आवाज खोल झाला, श्वास लांबला. आणि मी, रोज तो काटा बघणारी, हे कधी जोडून पाहिलं नव्हतं. खोटं बोलायचा विचार मनात आला नाही. त्यासाठी मी पदवी घेतलेली नाही. मी म्हटलं, "खरं आहे, आबा." आणि सगळ्यांना कळेल अशा शब्दांत कारण सांगितलं.

 कप्तान हळूच म्हणाले, "जहाजावर ऐकलं तवा घाईत वाटे मले. म्या म्हटलं, जहाज हालते, इंजिनाची घाई हाय. जमिनीवर आलो तं गानं बसलं. असं वाटलं मले." आणि शर्टाचं गळ्याचं बटण त्यांनी काढलं. मी त्यांना गाण्याच्या बाबतीत एवढं मोडलेलं कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने माय उठली. तिला कुणी उठवलं नव्हतं. "मशीन खोटी असन," ती म्हणाली. "माहा दम खोटा हाय का रे विकी? तू सांग. तू माह्या बाजूले उभा राहून शिकला."



माय माइकाजवळ गेली नाही. होती तिथेच ताठ उभी राहिली आणि तिने ओळ घेतली. विहीर तीच, पाणी तेच. जुन्या, हळू, चुकीच्या मापाने. जिनिंगची रुई गिळलेली छाती, साठीच्या पुढचं वय, आणि ती ओळ पुढे पुढे जात राहिली. 'दोर आता' वर तिचा आवाज किंचित कापला, मला वाटलं आता तुटतो. तुटला नाही. 'माह्या हाती' तिने खाली, जमिनीवर अलगद ठेवावं तसं ठेवलं आणि मगच श्वास घेतला. विकीने मोबाइलची वायर काढून खिशात घातली.

समितीने काय ठरवलं? गायन राहील, पण अर्धा तास, आणि मग डीजे. असे आपले लोक. मायचं गाणं ऐकून डोळे पुसणाऱ्यांनीच डीजेसाठी हात वर केले. मला तेव्हाही राग आला होता, आजही आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कप्तान आमच्या दारात आले. इस्त्रीचा शर्ट, गळ्याचं बटण लावलेलं. "ते असली गानं लाव मोबाइलवर. पुरं ऐकू दे." मी लावलं. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. संपल्यावर मान हलवली. "गळा बरा हाय पोराचा," म्हणाले. "पन याले बी गाडी पकडायची घाई हाय. थुत्." मग मायकडे वळून, "सुमनबाई, अमेरिकेत कोनी नाई गायला एवढ्या लांब. आपन गायलो." आणि चहा न घेताच निघून गेले. चालताना ताठ होते.

त्यानंतर ते दोन जयंत्या राहिले. शेवटच्या आजारपणात पेटी आणि प्लेअर माझ्याकडे देऊन गेले. ते गेल्यावर विकी त्यांच्या पुण्यानुमोदनाला स्पीकर न आणता आला आणि मागे उभा राहिला. ते म्हातारीचं गाणं त्याने अजून काढून टाकलेलं नाही. मी त्याला तोंडावर सांगितलं आहे की मला त्याची किळस येते. तो हसतो आणि "हाव, ताई" म्हणतो.

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने प्लेअर पाहिला आणि म्हणाला, मोटारीवरची छोटी चकती बदलली की वेग बरोबर होईल, दहा मिनिटांचं काम. मी नको म्हटलं.

यंदाच्या जयंतीला संध्याकाळचा तो अर्धा तास गायनपार्टीचाच होता. पार्टीत तीन नवीन मुली आहेत, तिघी कॉलेजात जातात आणि रुईसमोर उभ्या राहून शिकतात. पहिली ओळ मायने घेतली. जिनिंगमध्ये उभी हयात गेलेल्या माझ्या मायने ती एका दमात म्हटली.